शिराळ्याला जायची प्रत

सर साधं पोस्टकार्ड लिहायला बसले तरी आधी कार्बन शोधायचे. पोस्टकार्ड जाड, खालच्या कागदावर धड उमटत नसे. मग ते इतकं दाबून लिहायचे की कार्डाच्या मागच्या बाजूनं अक्षरं बोटाला लागत. ज्याला पत्र जाई त्याला ते वाचता येवो न येवो, सरांकडे त्याची प्रत असे.

"मागं काय राहिलं?" हा त्यांचा कायमचा प्रश्न. म्हणजे प्रत कुठं आहे. आमच्या ह्यांनी एकदा सांगितलं की कारखान्यात रजेचा अर्ज देऊन आलो. सर म्हणाले, "मागं काय राहिलं?" हे म्हणाले, "मागं काय राहनार सर, अजून दोन महिन्यांचा सीझन हाय." सरांनी कपाळाला हात लावला आणि तिथंच बसवून ह्यांच्याकडून तो अर्ज आठवेल तसा पुन्हा सांगून घेतला, टाइप केला आणि फायलीला लावला. ती फाईल आमच्या नावाची होती. आमच्या नावानं कुठं काही जपून ठेवलेलं असेल तर ते तेवढंच.

सांगलीत कोर्टाच्या बाजूला सरांचा मराठी टायपिंगचा क्लास होता. सकाळी सात ते एक क्लास, दुपारी घरी लोकांचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, खरेदीखतं. त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत आम्ही राहायचो. मी त्यांचा स्वयंपाक करायचा आणि खोली आम्हाला, असं ठरलेलं. सरांच्या पत्नी मी येण्याआधीच गेल्या होत्या. सर मला "बाई" म्हणत आणि अहो-जाहो करत. मी कवठे महांकाळकडची, चौथीनंतर शाळा सोडलेली; अहो-जाहो ऐकून सुरुवातीला मी मागं वळून पाहायची, कुणी आलंय की काय.

कामात त्यांचा एकच नियम. समोर जे असेल ते तसंच उतरवायचं. चूक असली तर चुकीसकट. एका पाटलानं अर्जात स्वतःच्या वडिलांचंच नाव चुकवलं होतं. सरांनी तसंच टाइप केलं. अर्ज परत आला. पाटील दारात येऊन तणतणले, "आवं, तुमाला कळू नये व्हय?" सर शांतपणे म्हणाले, "तुमच्या वडिलांचं नाव तुम्हाला माहीत. मी टंकलेखक आहे." आणि काम झालं की कागद मोठ्यानं वाचायचा, शेवटच्या पूर्णविरामापर्यंत. वाचल्याशिवाय ते खाली "खरी नक्कल" असं लिहीत नसत. घरात दुसरं कुणी नसेल तर मला परात घेऊन समोर बसवायचे. गल्लीतल्या निम्म्या भांडणांची कलमं मला कणीक मळता मळता पाठ झाली.

घरात सगळं दोन-दोन. दोन चष्मे, दोन छत्र्या, दोन स्टो. दाराच्या किल्ल्या मात्र पाच, आणि त्या पाच घरांत ठेवलेल्या. एका दुपारी सर घामाघूम होऊन कट्ट्यावर बसलेले. पाचही किल्ल्या पाच घरांत सुरक्षित होत्या आणि पाचही घरं लग्नाला गेली होती.

मग सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमारास त्यांनी घरी कॉम्प्युटर आणला. मी जुन्या चादरीची त्याला खोळ शिवली. अर्थातच दोन. सरांनी त्याच्याबरोबर आलेलं जाड पुस्तक पंधरा दिवस डिक्शनरी घेऊन वाचलं. सोळाव्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. चेहरा असा की मला वाटलं कुणी गेलं.

"बाई, हे यंत्र स्वतःची प्रत स्वतः काढतं."

"कवा?"

"आपण सांगू तेव्हा. रोज. आपोआप."

चाळीस वर्षं हातानं कार्बन घालणाऱ्या माणसाला हे कळल्यावर त्याचं काय होत असेल ते मला तेव्हा समजलं नाही. मी म्हटलं, "मग तुमाला काय काम राहिलं?" ते त्यांना लागलं असावं. दिवसभर पुस्तकातून मान वर काढली नाही.

त्यांनी यंत्राला साडेअकराची वेळ लावून दिली. पण वीज मंडळाला ते मान्य नव्हतं. मंगळवारी साडेअकराला लाईट जायची, म्हणून मंगळवारची वेळ दहा. तर मंडळानं मंगळवारऐवजी बुधवार धरला. सरांनी बुधवार बदलला. महिनाभर हे चाललं. सर सेटिंग बदलत आणि पलीकडं जणू कुणीतरी ते बघून लाईट बदलत. शेवटी त्यांनी मंडळाला अर्ज केला की लाईट कधीही घालवा पण एक वेळ धरून घालवा. त्याची प्रत मी पाहिली आहे.

"आपोआप" म्हटलं तरी यंत्राला फ्लॉप्या लागत. चौकोनी, तळहाताएवढ्या, एका वेळी एक. एक भरली की यंत्र टुंग करून दुसरी मागे. त्या वेळी सर क्लासला. म्हणून ते काम माझ्याकडे आलं. पडद्यावरचं इंग्रजी मला येत नव्हतं. सरांनी एका पुठ्ठ्यावर चित्रं काढून दिली, अशी चौकट आली की ही कळ, तशी आली की ती कळ. सोमवारच्या पाच फ्लॉप्या, मंगळवारच्या पाच, असे शनिवारपर्यंत सहा डबे. पुढच्या सोमवारी पुन्हा सोमवारच्याच पाचांवर नवीन चढायचं. जाताना सर म्हणायचे, "बाई, त्याला वेळेवर वाढा."

शिवाय कृष्णेला पाणी आलं तर काय, म्हणून एक संच सांगलीबाहेर. तो शिराळ्याला, सरांच्या थोरल्या बहिणीच्या ट्रंकेत. त्या आक्का. येताना जुना संच आणायच्या, जाताना नवा न्यायच्या. दुधाच्या पिशवीत गुंडाळून, वर हळदीचा पुडा.

फ्लॉप्यांच्या लेबलांसाठी सरांनी मला टायपिंग शिकवलं होतं. बोटं बसल्यावर मला चैन पडेना. भाकऱ्या अकरापर्यंत होत. यंत्राचं जेवण साडेअकराला. मधल्या अर्ध्या तासात मी काहीबाही लिहायला लागले. गल्लीत कोण काय बोललं, सर कसे चालतात, शेजारीण कशी भाजी निवडते. एकदा लाईट जाऊन सगळं गेलं, तेव्हापासून जतन करायची कळही दाबायची. नाव काय द्यायचं ते येत नव्हतं; यंत्र आपलंच काहीतरी वेडंवाकडं इंग्रजी नाव सुचवी, मी त्याला हो म्हणे. साडेअकराला फ्लॉप्या घालायची आणि एकच्या आत, सर यायच्या आधी, लिहिलेलं पुसून टाकायची. पडद्यावर कचऱ्याच्या बादलीचं चित्र होतं. तीही रिकामी करायची. मला वाटे, झालं, गेलं. रोज साडेअकराला मी स्वतःच्या हातानं काय वाढत होते, ते माझ्या डोक्यात आलं नाही.

आता आक्कांचं सांगते. शिराळ्याची नागपंचमी सगळ्यांना ठाऊक. मुलुखातून माणसं शिराळ्याला जात आणि आक्का त्याच्या चार दिवस आधी शिराळ्याहून सांगलीला येत. राखी बांधून परत. विचारलं तर म्हणायच्या, "भावाला बघाया कोन हाय दुसरं?" बायका सापांबद्दल विचारायला यायच्या, आणि आक्का पदर खोचून सांगायच्या, "नाग म्हंजे आमाला घरचं पावनं. त्येला काय भ्यायचं?"

त्या वर्षी पंचमीच्या आधी दोन दिवस न्हाणीतून किंकाळी आली. घरात आम्ही दोघीच. मी धावले. मोरीच्या भोकातून एक गांडूळ वर आलेलं. आक्का पालथ्या बादलीवर उभ्या, एक हात नळाला, एक भिंतीला.

"आदी त्येला भायेर काड. मग माजं लुगडं दे."

मी खराट्याच्या काडीवर घेऊन गांडूळ परड्यात टाकलं. आक्का खाली उतरल्या, नेसल्या, आणि माझं मनगट धरलं. "कुनाला सांगितलंस तर बग. भावाला तर न्हाईच." हे नुसतं बोलणं नव्हतं. माझ्या आधी जी बाई स्वयंपाकाला होती तिनं आक्कांच्या कवळीची गोष्ट शेजारी सांगितली होती. आठ दिवसांत तिची खोली रिकामी झाली, त्याच खोलीत आम्ही आलो. सर कुणाला घालवणारे नव्हते, पण आक्कांपुढं त्यांचं चालत नसे.

मी कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता फक्त लिहिलं. पोट दुखेपर्यंत हसून लिहिलं आणि एकच्या आत पुसलं.

त्याच आठवड्याच्या शेवटी यंत्र बंद पडलं. विश्रामबागेतून दुरुस्तीवाले आले, पेचकस चालवला आणि मान हलवली. "डिस्क गेली सर."

"सगळं गेलं?"

"सगळं."

सर इतके आनंदात मी कधी पाहिले नाहीत. शेजारचे लोक समाचाराला आल्यासारखे येत होते आणि सर त्यांना हसतमुखानं सांगत होते, "काही राहिलं नाही. एक अक्षर राहिलं नाही." मला म्हणाले, "बाई, आज शिरा करा." वर्षभर काढलेल्या प्रती खऱ्या की खोट्या ते आता कळणार होतं.

नवी डिस्क बसली. दुरुस्तीवाले म्हणाले, "शनिवारचा डबा टाकला की पुरे. त्यात सगळं असतं."

सर म्हणाले, "आणि सोमवारनं काय पाप केलंय? सगळे टाका. सोमवारपासून."

तीस फ्लॉप्या एकेक आत गेल्या. संध्याकाळी पडद्यावर नावांची रांग आली. सर खुर्ची सरकवून बघत होते. मी चहा द्यायला गेले आणि पाय तिथंच राहिले. सरांच्या कागदांच्या नीटनेटक्या नावांच्या मधे मधे माझी सहा वेडीवाकडी नावं बसलेली. रोज पुसलेली. बादलीसुद्धा रिकामी केलेली.

"ही काय भानगड आहे?" सर म्हणाले. "असू दे. उद्या दुपारी एकेक उघडून वाचू. वाचल्याशिवाय खरी नक्कल म्हणता येत नाही."

आक्का म्हणाल्या, "मलाबी ऐकू दे." त्यांना वाचता येत नव्हतं, पण लोकांची प्रतिज्ञापत्रं ऐकायला फार आवडे.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली. सर वाचायला बसले, आक्का तपकिरीची डबी घेऊन शेजारी. दोन खरेदीखतं झाली, एक वाटणीपत्र झालं. तिसऱ्या कागदानंतर माझं पहिलं होतं. मी ओसरीत गेले आणि मीटरच्या फळीवरचा फ्यूज उपसून कमरेला खोचला. पंखा थांबला.

आतून सर म्हणाले, "आज आपली लाईट जायची वेळ नाही." बाहेर आले, शेजारच्यांचा रेडिओ चालू आहे हे ऐकलं, फळीकडं पाहिलं. मग शर्टाच्या खिशातून दुसरा फ्यूज काढला आणि बसवला. माझ्याकडं बघितलंही नाही. खिशात फ्यूज घेऊन हिंडणारा माणूस, त्याच्यापुढं मी काय करणार.

माझ्या पहिल्या चार कागदांत विशेष काही नव्हतं. शेंगा, शेजारीण, वीज मंडळ. सर वाचत गेले, आवाज न बदलता, चुकांसकट. आक्का एकदा हसल्या. मी दारात उभी, पदराचं टोक तोंडात. पाचवा उघडला.

"शिराळ्याच्या आक्का आल्या," सरांनी वाचलं. आणि थांबले.

पुढचं वाक्य मला पाठ होतं. "नागाच्या गावची बाई, पण गांडुळाला बघून बादलीवर चढली आणि लुगडं मागायला लागली." सरांचे डोळे त्या ओळीवरून गेले. परत पहिल्या ओळीवर आले.

"वाच की रं," आक्का म्हणाल्या. "माजं नाव हाय न्हवं त्यात?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, लावला. जन्मात वाचताना समोरचं सोडून त्यांनी एक वाक्य पदरचं घातलं नव्हतं. जी भाषा येत होती तीच निघाली.

"सदर आक्का," ते पडद्याकडं बघून म्हणाले, "ह्या अत्यंत धाडसी असून... राहणार शिराळा. त्या भावाच्या घरी आल्या असता, न्हाणीमध्ये एक... एक साप त्यांच्या निदर्शनास आला."

तपकिरीची चिमूट नाकाशी थांबली. "साप?"

"साप. सदर सापास त्यांनी कोणाचीही मदत न घेता... हुसकावून लावले. त्यामुळे घरातील मंडळींच्या जीवितास असलेला धोका टळला. सबब," सरांना घाम आला होता, "सबब त्यांचे करावे तेवढे कौतुक कमीच आहे. कळावे."

आक्कांनी चिमूट परत डबीत टाकली. त्यांनी आधी भावाकडं बघितलं, मग माझ्याकडं. मला वाटलं, संपलं.

"व्हय," त्या म्हणाल्या. "हातभर हुता."

सरांनी मान डोलावली.

"कुनी लिवलंय?"

"बाईंनी. टायपिंगचा सराव."

"बरं लिवती की. मला ह्येची प्रत दे छापून. शिराळ्यात दावीन चार जनींस्नी."

सर नाही म्हणू शकले असते. पण प्रत मागणाऱ्याला नाही म्हणणं त्यांना माहीतच नव्हतं.

आक्का आडव्या झाल्यावर सर स्वयंपाकघरात आले. हळू आवाजात म्हणाले, "बाई, मी काय वाचलं?"

यंत्रापाशी मी सांगत गेले, ते टाइप करत गेले. मधेच थांबले. "हे खोटं आहे."

"व्हय सर."

"चाळीस वर्षांत मी असलं काही केलं नाही."

"व्हय सर. सबबच्या आदी 'धोका टळला' हाय."

त्यांनी ते टाइप केलं, आक्कांचं 'हातभर'ही घातलं. सहावा कागद मग त्यांनी मनातल्या मनात वाचला. त्यात ते स्वतः होते, पाच किल्ल्या आणि कट्टा. वाचून झाल्यावर एवढंच म्हणाले, "लग्नाला चार घरं गेली होती. पाचवं देवाला गेलं होतं." आणि थोड्या वेळानं, "ह्यापुढं पुसू नका. पुसलेलं परत आणायला फार यातायात पडते."

राखी झाली. मी आक्कांना स्टँडवर सोडायला गेले. शिराळा गाडी लागली होती. त्यांच्या पिशवीत तळाला त्या आठवड्याचा संच होता, दुधाच्या पिशवीत, वर हळदीचा पुडा. म्हणजे ते गांडूळ आक्का स्वतःच शिराळ्याला घेऊन चालल्या होत्या, आणि त्यांच्या कमरेला छापलेला कागद होता. खिडकीशी बसल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं.

"न्हाणीतलं तुला आनि मला ठावं. मग ह्येला न्हाणी कशी कळली?"

मी खिडकीच्या गजावरची धूळ पुसायला लागले.

"कुनाला सांगू नगं म्हनलं हुतं न्हवं?"

"सांगितलं न्हाई आक्का. लिवलं हुतं. आनि पुसलं."

"पुसलं, तर त्यो वाचत काय हुता?"

"परत आलं."

आक्कांनी माझ्याकडं बघितलं. मी खाली, गाडीच्या चाकाकडं. आमची खोली, चूल, ह्यांची फाईल, सगळं डोळ्यांपुढनं गेलं. वर आक्कांचा आवाज आला, "ल्हानपनापास्नं खोटं बोलाया लागला की त्येचे कान लाल हुत्यात. त्या दिवशी मानंपतुर लाल हुता. माज्यासाटी न्हवं, तुज्यासाटी. माज्यासाटी त्यो कंदी खोटं बोलला न्हाई मुडदा."

मग कमरेचा कागद काढून त्यांनी माझ्या हातात दिला. मला वाटलं, नकोच म्हणतात.

"ह्यो परत ने. हातभर साप आमच्यात कुनी बगायला बी उटत न्हाई. पाच फुटाचा करा म्हनावं, आनि पोस्टानं धाडा. आनि खोली झाडून ठेव, न्हाई तर पुढच्या पंचमीला बगती तुला."

गाडी गेली. मी घरी येऊन कागद सरांपुढं ठेवला आणि आक्कांचा निरोप सांगितला, कानांचं सोडून. सर कागदाकडं बघत बसले. मला वाटलं, आता नियम सांगतील. त्यांनी खुर्ची पुढं ओढली, हातभर काढून पाच फूट घातलं, मोठ्यानं वाचून पाहिलं, आणि बोटं कळांवर तशीच ठेवून माझ्याकडं वळले.

"लांबी ठीक आहे. पण सापाची जात नाही लिहिलेली. धामण लिहू?"

मी म्हटलं, "नाग लिवा सर. शिराळ्याला जायचाय."